तिसऱ्या रजईचा हिशोब

निवृत्तीला दोन महिने उरलेले, सरकारी सांख्यिकी खात्यातले गावंडे एकाच रजईवाल्यासाठी अकोल्याहून तिसऱ्यांदा बाळापूरला आले, तेव्हा त्यांचे गुडघेही वैतागले होते. देशाच्या उत्पन्नाचा हिशोब अशा दुकानांच्या वह्यांवरूनही जुळवतात, आणि अब्दुल रहीमच्या वहीप्रमाणे हा काटकुळा गृहस्थ एकटाच रोज तीन रजया शिवत होता. वरच्या साहेबाने ‘अशक्य’ म्हणून पाहणीचा फॉर्म दोनदा परत पाठवला होता.

“रहीमभाई, खरं सांगा, कामाले माणसं किती?”

“एकटाच हाओ, साहेब. वहीत कोणाचा पगार दिसते काय?”

पडद्यामागून त्याची बायको सईदा कडाडली, “मंग मी काय कापसातून काढून फेकाची सरकी हाओ? दोन रजया तं माह्याच हातच्या असतात!”

“पण हिले मी पगार कुठं देतो?”

“तुमच्या वहीत पगार मोजतात, भाऊ. देशाच्या वहीत बिनपगारी माणूसबी धरा लागते,” म्हणत गावंडेंनी थकल्या हाताने ‘माणसं : दोन’ लिहिलं.

सईदाने चहा आणला. “अन् हा कोणच्या वहीत धरता?”

घरच्या चहाला फॉर्मात कुठंच रकाना नव्हता. फॉर्म बाजूला सारून गावंडे चहा प्यायले.