पपईच्या चिकाने खाल्लेला अंगठा

थंडीत एकदा तोरणमाळ बघायचंच, असं नणंद रेखाताई आणि मी दिवाळीत ठरवलं. धुळ्याहून सकाळी गाडी काढली. दोंडाईच्यात वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी, दोघींचं दोनशेच्या आत. तुम्ही जाणार असाल तर पेट्रोल शहाद्यातच भरा. घाटाच्या वाटेवर पंपाच्या भरवशावर राहू नका.

शहाद्याच्या पुढे पपईचे मळे लागले. फोटोसाठी उतरलो. तोडणीवर असलेली सुनंदा नावाची बाई हिरवी फळं देठापासून कापून कागदात गुंडाळत होती. देठातला पांढरा चीक तिच्या बोटांवर ओघळत होता आणि बोटांची टोकं लाल, सोललेली, काचेसारखी गुळगुळीत झाली होती.

"दुखतं ना गं?" मी विचारलं.

"दुखस ते दुखस, ताई. पन रेशननी मशीन मन्हा अंगठा वळखस नही. धान्य भेटनं नही."

मी शाळेत विज्ञान शिकवते. कच्च्या पपईच्या चिकातलं विकर, म्हणजे एन्झाइम, प्रथिनं कापतं. म्हणून तर मटण शिजवताना पपईचा तुकडा टाकतात. आपली कातडीही प्रथिनांचीच, बोटांच्या ठशांसकट. आणि विकर काम करून संपत नाही, एक बंध तोडला की पुढचा धरतं. ऊब आणि ओल मिळाली की आणखी जोरात. उकळलं तर निकामी होतं, पण बाईचा हात कोण उकळणार? भर दुपारी घामेजलेल्या तळव्यावर त्याला हवं ते सगळं मिळत होतं.

मी मुकादमाला विचारलं, "यांना हातमोजे का नाहीत?"

"मोजा घाला ते काम हळू व्हस, मॅडम. चीकच तो, धुई टाकाना."

धुवायला पाणी कुठे होतं? एक माठ, तोही पिण्यापुरता! माझं डोकंच फिरलं. जेवणाच्या सुट्टीत सुनंदाला गाडीत घालून थेट तिच्या गावच्या रेशन दुकानात गेलो.

दुकानदाराने एकेक बोट लावून बघितलं. "मशीन नाही म्हणतं, मी काय करू?"

"मशीन नाही म्हणतं म्हणून ही जेवायची नाही का?" मी ओरडलेच.

मग म्हणे, मोबाइलवर ओटीपी येतो. नोंदवलेला मोबाइल नवऱ्याकडे, नवरा सुरतेला कामावर. रेखाताई फोन लावत राहिल्या. चौथ्यांदा त्याने उचलला, आकडा सांगितला आणि गहू-तांदूळ पिशवीत पडले. सोय होती, तर आधी का नाही सांगितली? दुकानदाराने पुढच्या गिऱ्हाइकाचं कार्ड मागितलं.

तोरणमाळचा तलाव सुंदर आहे, जरूर बघा. मला मात्र तिथेही तीच बोटं दिसत होती.

घरी येऊन मी रबरी हातमोज्यांची दोन खोकी पाठवली. आठवड्याने शेजारणीच्या मोबाइलवरून सुनंदाचा फोन आला. चाकूचा हात मोकळाच ठेवायचा, असं मुकादमाने बजावलं होतं.

"फळ धरस तो डावा हातलेच मोजा घालस, ताई," ती म्हणाली. "एक अंगठा तरी मन्हा ऱ्हावो."