अंबादासची फुंकर

रिसोडच्या नाक्यावर अंबादास खिल्लारेचं गॅरेज होतं, आणि त्याच्या हाताइतकीच त्याच्या तोंडाचीही तालुक्यात ख्याती होती. १९७६ साली सेवालाल राठोड ज्वारीनं भरलेला ट्रक घेऊन आला.

"अंबादासभाऊ, चढावर गाडी दम टाकून राह्यली. तो मोठा टर्बो बसव."

फळीवर भंगारातून काढलेले दोन टर्बो होते. इंजिनाच्या धुरावर फिरून इंजिनातच हवा कोंबणारे पंखे ते. मोठा पंखा म्हणजे जास्त हवा, असा सेवालालचा हिशेब.

अंबादासनं मोठा त्याच्या तोंडापुढं धरला. "फुंक!"

सेवालाल लालबुंद झाला, पण पंखा ढिम्म हलला नाही. लहान मात्र एका फुंकरीत गरगरला.

"चढावर तुया इंजिनची फुंकर एवढीच राह्यते. पंखाच फिरला नाही तं हवेले दाब कुठून येईन?"

लहान टर्बो बसला आणि भरला ट्रक जऊळक्याचा चढ गुणगुणत चढला.

दोन वर्षांनी सेवालालनं दुप्पट मोठ्या इंजिनाचा ट्रक आणला. लहान्याची हवा त्याला पुरली नसती. अंबादासनं फळीवरून मोठा टर्बो उतरवला.

"आज मले फुंकायले नाही लावत?"

"आता तुही गरज नाही," अंबादास पाना उचलत म्हणाला. "आता गाडीच फुंकन."