स्वखुशीचा कागद

"बॅनर बघितला मी तुमचा, ठाकुर्लीला. छान लावलाय," मॅनेजर म्हणाला. आणि हसला.

माजिवड्याचं ऑफिस. नोकरीचा माझा पहिला दिवस. नऊपासून बाहेर सोफ्यावर बसवून ठेवलेलं. साडेअकराला आत बोलावलं ते हे ऐकवायला.

बॅनर आमच्या बुद्धविहाराच्या मंडळाने लावलेला. आमच्यात कुणी चांगल्या नोकरीला लागलं की लागतोच. निळा रंग, वर ठळक 'जय भीम', मधे माझा फोटो, खाली कंपनीचं नाव आणि शुभेच्छुक म्हणून अख्खी चाळ. माझं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून यांना काही कळलं नव्हतं. तीन मुलाखतींत मी हुशार होते. एका फ्लेक्सने नालायक ठरले.

हा माणूस डोंबिवलीचा. व्याख्यानमालेला पहिल्या रांगेत बसतो, हे मुलाखतीत त्यानेच सांगितलेलं. असली माणसं जात विचारत नाहीत. ते असभ्य दिसतं. नुसती बघून घेतात.

"पोस्ट सध्या होल्डवर टाकलीय," तो म्हणाला. "आणि खरं सांगू? आमच्या टीमचं कल्चर जरा वेगळं आहे. तुम्हालाच अवघड जाईल."

"सर, मी ऑफर स्वीकारलेली. जुनी नोकरी सोडून आलेय मी."

एचआरच्या बाईने एक कागद पुढे सरकवला. 'वैयक्तिक कारणामुळे मी ही नोकरी स्वखुशीने नाकारत आहे.' म्हणाली, "फॉर्मॅलिटी आहे गं. सही कर, पुढे कुठे अडणार नाही तुझं." सकाळी मी मॅडम होते. आता गं.

लाज वाटते सांगायला, पण मी पेन हातात घेतलं. "थँक्यू सर" पण म्हणाले. हे असंच अंगात मुरलेलं. तेवढ्यात तो घड्याळ बघत तिला म्हणाला, "आवरा पटकन. बाराची कॅन्डिडेट येऊन बसलीय."

होल्डवरच्या पोस्टला कॅन्डिडेट! माझ्यासमोर खोटं नीट बोलायचेही कष्ट घेतले नाहीत त्याने. मी पेन खाली ठेवलं.

"खरं कारण लिहा. मग करते सही."

बाईने कागद परत आपल्याकडे ओढून घेतला. मी उठले.

घरी आई म्हणाली, "जाऊ दे गं, मोठी माणसं ती." मला आईचाही राग आला. दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या कोर्टात गेले, मोफत कायदेशीर मदत मिळते तिथे. वकीलबाईंनी कागद पाहिले. "ऑफर लेटर, तू होकार दिल्याचा मेल, तुझा राजीनामा. करार झालेला दिसतोय. नोटीस देऊ, मग भरपाईचा दावा. पण नोकरीच द्या असं कोर्ट खाजगी कंपनीला सहसा सांगत नाही. जातीवरून काढलं हे सिद्ध करणं तर फारच जड. आणि त्या कागदावर सही केली असतीस ना, तर सगळंच अवघड होतं."

नोटीस गेली. आठवड्याने मॅनेजरचा फोन.

"अगं, कशाला वाढवतेस? दुसरीकडे शब्द टाकतो तुझ्यासाठी. आपण सगळे इथलेच ना!"

आपण. केवढा उदार माणूस.

"जे बोलायचंय ते लेखी द्या," म्हटलं आणि फोन ठेवला.

दावा लावतेय. वर्षं जातील, हे वकीलबाईंनी आधीच सांगितलंय. जाऊ देत. त्याची नोकरी मला आता फुकट दिली तरी नको. मला तो साक्षीच्या पिंजऱ्यात उभा हवाय. मला का नको म्हणाला, ते शपथेवर सांगताना. खोटं बोलेल, माहितेय. बोलू दे. माझ्या तोंडाकडे बघून बोलावं लागेल.