जोड नसलेली नळी

मिस्त्री खतपाण्याच्या टाक्या बनवायचा. टाकीत कंपोस्ट भिजत घालायचं, तळाच्या नळीतून हवा सोडत राहायची आणि मुरलेलं पाणी रोपांना द्यायचं. त्याच्या टाकीतून थेंब गळत नसे, कारण नळी तो तळाला वेल्डिंगनं कायमची जोडून टाकायचा. सुटा, उघडता येणारा जोड म्हणजे गळती, हे त्याचं ठाम मत. रोपं सडल्याची तक्रार घेऊन कोणी आलं की एका वाक्यात त्याची बोलती बंद: "धुतली नसेल. माझ्या कामात खोट नाही."

रोपवाटिकेवाल्या बाईला त्यानं हे तीनदा सुनावलं होतं. चौथ्यांदा ती टेम्पोत टाकीच घालून घेऊन आली. तिचे वाफेच्या वाफे मुळापासून सडले होते.

"घरचेही मलाच आळशी म्हणतात, काका," ती म्हणाली आणि तिनं ब्रश पुढे केला. घासून घासून त्याचं लाकूड उघडं पडलं होतं.

टाकी आतून लख्ख होती. मिस्त्रीचा पारा चढला. नळीही स्वच्छच आहे हे तिच्या तोंडावर दाखवायला त्यानं कटर घेतला आणि नळी उभी चिरली. आत बोटभर काळा, बुळबुळीत गाळ होता. त्याला कुजका वास येत होता.

"हे मी कुठून धुवायचं होतं, काका?"

मिस्त्रीनं कटर खाली ठेवला. तिच्यामागे भिंतीपाशी नव्याकोऱ्या अकरा टाक्या रंग वाळायला ठेवल्या होत्या. एकीच्याही नळीला सुटा जोड नव्हता.