एकटे येऊ नका

फोन आला तेव्हा मी मरोळच्या आमच्या ऑफिसात डबा उघडत होते. पलीकडे घाटकोपरच्या लॅबच्या इनचार्ज बाई होत्या. रक्त-लघवी तपासणाऱ्या त्या लॅबच्या उपनगरांत चार-पाच शाखा आहेत, आणि त्यांच्या पेशंटना जाणारे मेसेज आमचं सॉफ्टवेअर पाठवतं.

"तुम्ही मेसेजमध्ये काही वाढवलंय का?" त्यांनी विचारलं.

"रिपोर्ट मिळायची वेळ बदललीय. तुम्हीच सांगितलं होतं ना, आठच्या जागी सात."

"वेळ आठच येतेय अजून. ते सोडा. खाली एक ओळ येतेय. 'रिपोर्ट घ्यायला एकटे येऊ नका.' एक आजोबा सकाळपासून काउंटरवर उभे आहेत. माझ्या रिपोर्टमध्ये काय आहे ते आत्ता सांगा, म्हणतात."

मी म्हटलं, अशी ओळ आमच्याकडे नाहीच. त्यांनी स्क्रीनचा फोटो पाठवला. ओळ होती. वाक्य संपल्यावर एक जागा सोडून मग पूर्णविराम दिलेला होता. पूर्णविरामाआधी जागा सोडायची सवय आमच्या ऑफिसात एकाच माणसाला होती, आणि त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं.

आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. मूळचे कणकवलीकडचे, वडील गिरणीत होते, स्वतः शिकून या धंद्यात आलेले. लॅबचं हे काम त्यांनीच उभं केलं. मागच्या गणपतीत गावी गेले आणि तिथेच छातीत दुखून गेले. त्यांचं काम माझ्याकडे आलं, खुर्चीही आली, कारण तिची पाठ चांगली होती.

जेवण तसंच ठेवून मी माझ्या लॅपटॉपवर सगळ्या फाईलींत ती ओळ शोधली. एकही जागा सापडली नाही. 'एकटे' हा शब्दच कुठे नव्हता. मेसेज पाठवणारी स्क्रिप्ट चालवली, खोटा पेशंट घातला, मेसेज आला: वेळ सात, खाली काही नाही. पुन्हा चालवली, तेच. शेजारी बसणारा म्हणाला, "माझ्यावर बघू." त्याच्याकडेही तसंच. मग तो हसत म्हणाला, "काका पाठवतायत गं." कोणीच हसलं नाही. तो उठून चहा आणायला गेला.

दोन दिवसांनी इनचार्ज बाईंचा पुन्हा फोन. या वेळी आवाज बारीक. "मी असलं काही मानत नाही. पण माझ्या काउंटरवरच्या मुली म्हणतायत, ज्याला ती ओळ येते त्याचा रिपोर्ट खराब निघतो. चौघांचा निघाला. आता त्या मेसेज आधी बघतात आणि मग पेशंटच्या तोंडाकडे बघत नाहीत."

मी म्हटलं, मेसेज जिथून सुटतात त्या सर्व्हरवर काहीतरी वेगळं आहे, मी येऊन बघते. तो सर्व्हर त्यांच्या घाटकोपरच्या जागेतच होता आणि बाहेरून कोणाला उघडायची सोय त्यांनी ठेवली नव्हती. नवीन फाईली आम्ही पाठवायचो, त्यांचा माणूस तिथे टाकायचा.

त्याच संध्याकाळी बोरिवलीला घरी गेले तर आई ओट्याशी पाठ करून उभी होती. आदल्या दिवशी तिने आमच्याजवळच्या शाखेत तपासणी केली होती. दरवर्षीची, साधीच. टेबलावर तिचा फोन उघडा पडला होता.

"मला लिहिलंय एकटी येऊ नको म्हणून," ती म्हणाली.

"अगं, ती चूक आहे. तीच शोधतेय मी दोन दिवस."

"मशीन कशाला चुकेल?" असं म्हणून तिने गॅस बंद केला आणि कुठल्या डब्यात काय आहे ते मला दाखवायला लागली. मेथीदाणे इथे. कोकम त्या बरणीत, मीठ जास्त आहे, धुऊन घे. मी तिला थांबवलं नाही. तो मजकूर कुठल्यातरी फाईलीतून येतोय हे मला ठाऊक होतं, तरी मी एकेक डबा नीट लक्षात ठेवत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी घाटकोपरला गेले. सर्व्हरची खोली नमुने ठेवायच्या खोलीच्या मागे होती. खिडकी नाही, एसी इतका की बाईंनी मला त्यांची शाल दिली. भिंतीपलीकडे रक्ताच्या नळ्या फिरवणारं यंत्र थांबून थांबून घुमत होतं. मशीनवर काकांच्या अक्षरातली चिठ्ठी होती: 'बंद करू नये .' इथेही पूर्णविरामाआधी जागा.

मी आमची मेसेजची फाईल उघडली. माझीच होती. वेळ सात. ओळ नाही. म्हणजे फाईल बरोबर, आणि तिच्यातून निघणारा मेसेज चूक. मागे कोणीतरी उभं आहे असं वाटून मी वळले. बाईच होत्या.

मग मी फोल्डरमधली सगळी नावं बोट ठेवून, मोठ्याने वाचली, शाळेतल्यासारखी. आमची फाईल खाली होती, message, सगळी अक्षरं छोटी. पण या मशीनवर मोठ्या अक्षरांची नावं यादीत सगळ्यात वर लागतात, आणि तिथे, जिथे मी आधी बघितलंच नव्हतं, आणखी एक होती: Message. पहिलं अक्षर मोठं.

आमचे लॅपटॉप विंडोजचे. स्क्रिप्ट दुसरी फाईल नावाने मागवते तेव्हा विंडोजला छोटा एम काय आणि मोठा एम काय, एकच. सर्व्हर लिनक्स या दुसऱ्या प्रणालीवर चालणारा. त्याला ती दोन निराळी नावं. आणि मुख्य स्क्रिप्टमध्ये मोठा एम होता. पहिल्या दिवशी सर्व्हरला त्या नावाची फाईल सापडली नसणार, म्हणून काकांनी तिथल्या तिथे मोठ्या एमची एक प्रत करून ठेवली. तेव्हापासून आम्ही पाठवलेली फाईल कोणी वाचतच नव्हतं. सर्व्हर त्यांचीच वाचत होता.

मी ती उघडली. वेळ आठ. खाली दोन ओळींची अट: वय साठच्या पुढे असेल आणि फॉर्मवर दुसऱ्या कोणाचा नंबर नसेल, तर हे वाक्य जोडा.

"रिपोर्टशी संबंध नाही?" बाईंनी विचारलं.

"नाही. ही फाईल रिपोर्ट बघतही नाही."

त्यांनी बाहेर जाऊन नोंदी काढल्या. ती ओळ बऱ्याच जणांना गेली होती, आणि बहुतेकांचे रिपोर्ट ठीक होते. ते मुकाट्याने रिपोर्ट घेऊन गेले, म्हणून कोणाच्या लक्षात नव्हते. आधी अशी ओळ क्वचित जायची, कारण दुसरा नंबर सक्तीचा होता. दोन महिन्यांपूर्वी लॅबने फॉर्म बदलला आणि ती चौकट लोक रिकामी सोडायला लागले.

ती फाईल शेवटची कधी बदलली गेली ते बघून मी बाईंना तारीख सांगितली, काका गावी जायच्या आधीची. "त्या दिवशी ते आमच्या कामाला नव्हते आले," त्या म्हणाल्या. "स्वतःचे रिपोर्ट न्यायला आले होते. बाकावर बराच वेळ बसले, मग म्हणाले, आलोच आहे तर मशीन बघून जातो. मी चहा पाठवला तो तसाच राहिला."

"सोबत कोणी होतं?"

"नाही."

भिंतीपलीकडचं यंत्र पुन्हा सुरू झालं. मी शाल गुंडाळून घेतली आणि काम उरकलं. मुख्य स्क्रिप्टमध्ये नाव छोट्या एमचं केलं, चालवून बघितलं, वेळ सात आली. मोठ्या एमची फाईल काढून टाकायची होती. त्यासाठी आज्ञेची एक ओळ लिहून मी बराच वेळ बसून राहिले, मग बटण दाबलं. त्याआधी अट मात्र आमच्या फाईलीत घेतली होती. बाईंना ती नको होती. मी वाक्य बदललं: 'सोबत कोणी नसेल तर काउंटरवर सांगा, आम्ही तुमच्याबरोबर थांबू.' त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "मुलींना सांगावं लागेल मग." दुसऱ्या दिवशीपासून त्यांनी एकीला त्याच कामावर बसवलं.

आईचा रिपोर्ट आम्ही दोघींनी जाऊन घेतला. थायरॉईडची गोळी थोडी वाढली, एवढंच. रिक्षात मी तिला विचारलं, "फॉर्मवर माझा नंबर का नाही घातलास?"

"तू कामात असतेस," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "ते कोणी लिहिलं होतं?"

मी तिला काकांचं सगळं सांगितलं. ती ऐकत होती. "आजारी होते, हे ऑफिसात माहीत होतं?"

नव्हतं. मी त्यांच्या शेजारी सहा वर्षं बसले. ती तारीख मी घरी येऊन फोनमध्ये शोधली. त्या दुपारी ते हाफ डे घेऊन गेले होते आणि मी त्यांना मेसेज केला होता: काका, कालची फाईल कुठे ठेवलीय? चार मिनिटांत उत्तर आलं होतं. फोल्डरचं नाव, त्याच्या आतल्या फोल्डरचं नाव, आणि 'नाही मिळाली तर परत विचार गो .'

मला फाईल मिळाली होती. मी परत विचारलं नव्हतं.