एक जानेवारी ऐंशी

ती घटना आठवली की आजही मी खुर्चीत सरळ बसतो. ब्याण्णवच्या आसपास मी सेलूला फौजदार होतो. तालुक्यातली पोरं नोकरीची बनावट नेमणूकपत्रं घेऊन परभणीच्या कचेऱ्यांत जायची आणि हात हलवत परत यायची. पत्रं छापतंय कोण, याचा पत्ता लागत नव्हता.

खबर आणली पोखर्णीकडच्या एका शेतकऱ्यानं. त्याच्या पुतण्याला आलेलं पत्र त्यानं माझ्या टेबलावर ठेवलं आणि शेजारी मुलीच्या स्थळासाठी छापून घेतलेला बायोडाटा.

"सायब, दोनी कागद बगा. परत्येक ओळीत बारीक पांढरी रेघ हाय. एकाच मशीनचं काम हाय हे."

मी भिंग लावून पाहिलं. रेघ होती! शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस, पण नजर आमच्या सगळ्यांपेक्षा तयार.

बायोडाटा सेलूतल्याच एका टायपिंगच्या दुकानातला होता. तिथलं टायपिंग एक मुलगी करते हे चौकशीत कळलं होतं, म्हणून पंच आणि महिला शिपाई घेऊन आम्ही भरदुपारी तिथं धडकलो. दुकानात एकच कॉम्प्युटर, त्याला जोडलेला एकच प्रिंटर आणि त्यावर काम करणारी ती एकच मुलगी. मालकानं लगेच हात झटकले.

"मला तर ते चालूबी करता येत न्हाई, साहेब. सगळं हिच्याच हातात."

त्या मुलीचं लग्न पंधरा दिवसांवर आलेलं. निरोप मिळताच तिचे वडील धावत आले आणि दारातच हात जोडून उभे राहिले. "सायब, हिला ठाण्यात नेलं तर सोयरीक मोडंल."

मी आवाज चढवला. वाटलं रडेल, तर ती उलट माझ्यावरच चिडली. "सर, आधी माझं काम बघा, मग काय ते बोला!"

ती पडद्यावर एकेक कप्पा उघडत गेली. शाळेचा वेगळा, ग्रामपंचायतीचा वेगळा, लग्नाच्या स्थळांचा वेगळा. मागाल तो कागद मिनिटात समोर. आमच्या मुद्देमाल खोलीला लाज वाटावी अशी शिस्त! बनावट पत्र मात्र एकाही कप्प्यात नव्हतं.

ठाण्यात नवा शिपाई जप्तीचा माल आणतो, तेव्हा त्याला जागा माहीत नसते. तो माल दाराशीच टाकून जातो. मी विचारलं, "कप्प्यांच्या बाहेर काय आहे?"

"तिथं मी काहीच ठेवत न्हाई, सर."

"मग तेच दाखवा."

यादी आली. यंत्राच्या स्वतःच्या फायलींखाली सहा अनोळखी नावं, आणि सहांच्याही पुढं तारीख एकच, एक जानेवारी ऐंशी. दुकानाला तर दोनच वर्षं झाली होती!

मुलगी ताडकन उठली. "सर, ह्याची आतली बॅटरी गेलीय. रोज चालू करताना हे तारीख विचारतं. मी रोज घालते. न घालता पुढं गेलं की हे ऐंशी साल धरतं. ही कामं माझी न्हाईत!"

मी खुर्ची पडद्याजवळ ओढली. "उघडा एकेक."

पहिली फाईल, बनावट पत्र. दुसरी, तेच पत्र, नाव वेगळं. पाचही तशाच. सहावी उघडली आणि एक पंच खो खो हसत सुटला. घरी टेलिफोन मिळावा म्हणून केलेला अर्ज, खाली मालकाचं नाव!

"चालूबी करता येत नाही, नाही का?" मी विचारलं. मालक मटकन स्टुलावर बसला. मुलीच्या सुट्टीच्या दिवशी तो स्वतः दुकान उघडायचा. तासाभरात त्यानं साथीदारासकट सगळं कबूल केलं.

या प्रकरणानं मला एक गोष्ट शिकवली. सगळं ज्याच्या हातात असतं त्याच्यावर संशय घेणं फार सोपं असतं, आणि सोपं काम करताना आपण डोळे मिटून घेतो. लिहायला लाज वाटते, पण मी अटकेचा फॉर्म त्या मुलीच्या नावानं आधीच भरून नेला होता. निघताना तो तिला माझ्या फायलीत दिसला.

"माझाच ना, सर?"

मी हो म्हणालो आणि फाडायला गेलो.

"फाडू नका. रोज दिसंल तिथं ठेवा."

निवृत्त होईपर्यंत तो माझ्या टेबलाच्या काचेखाली होता.