तीन ठिकाणी पाहिलं का?

वाचनालयाच्या संगणक खोलीतल्या बाईंना मुलं पाठीमागे ‘तिसरं कुठंय’ म्हणत. एखादं पोर इंटरनेटवरून काहीबाही उतरवून टेबलाशी आलं की बाई मान वर न करता विचारायच्या, “किती ठिकाणी पाहिलंस?” पोर म्हणायचं, दोन. “मग तिसरं कुठंय?” म्हटलं की पोर पाय आपटत परत खुर्चीवर. हे टोपणनाव बाईंच्या कानावर आलं होतं आणि त्यांना ते आवडलंही होतं. घरी नवरा चिडवायचा, “लग्नाआधी माझी चौकशीसुद्धा हिने तीन ठिकाणी केली होती, आणि तरीही फसली.”

बाईंना रसायनशास्त्रातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्या कॉमर्सच्या. पण आठवीच्या वर्गाला दरवर्षी मूलद्रव्यांचा प्रकल्प असायचा. वर्गात चिठ्ठ्या काढून ज्याला त्याला एकेक मूलद्रव्य मिळायचं आणि मग संगणक खोलीत पाय ठेवायला जागा उरायची नाही. ज्याला ऑक्सिजन आला तो शेखी मिरवायचा. झिर्कोनियमवाला रडवेला होऊन यायचा, “बाई, मला हे नीट म्हणताच येत नाही.” बाई आवर्तसारणी उघडून द्यायच्या, शोधायला कोणते शब्द टाकायचे ते दाखवायच्या, जाहिरात कुठली आणि माहिती कुठली ते पडद्यावर बोट ठेवून सांगायच्या. उत्तर मात्र कधी सांगायच्या नाहीत.

आणखी एक गोष्ट त्या कधी करत नसत. कुणाला काय हवंय ते ऐकायच्या, कशासाठी हवंय ते विचारायच्या नाहीत. याला कारण होतं. शाळा संपली तेव्हा त्यांनी याच वाचनालयात नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचं पुस्तक मागितलं होतं. काउंटरवरच्या गृहस्थांनी गोड आवाजात विचारलं, “कशासाठी गं हवंय तुला?” आणि यांनी भाबडेपणाने सांगून टाकलं. संध्याकाळी घरी काका दारातच उभे होते, त्या गृहस्थांनी त्यांना सगळं कळवलं होतं. नर्सिंग तिथेच बारगळलं. पुढे त्याच इमारतीत नोकरी लागली तेव्हा बाईंनी मनाशी ठरवलं की आपण हा भोचकपणा करायचा नाही. ज्याची कारणं त्याच्यापाशी. इतकी वर्षं त्यांनी हे पाळलं होतं आणि खरं सांगायचं तर त्याचा त्यांना थोडा गर्वच होता.

त्या दुपारी चार नंबरच्या खुर्चीवर एक मुलगी येऊन बसली. तिला चिठ्ठीत पारा आला होता. एका हाताने टाइप करत होती, दुसरा हात स्वेटरच्या खिशात. बाकीच्यांसारखी ती चित्रं डाउनलोड करत बसली नाही. मन लावून वाचत होती, ओठ हलवत. थोड्या वेळाने टेबलाशी आली.

“बाई, पारा तीनशे सत्तावन्न डिग्रीला उकळतो.”

“किती ठिकाणी पाहिलंस?”

“तीन.”

बाईंनी मान वर केली. न सांगता तीन, असं वर्षातून एखादंच पोर निघतं.

“आणि आपली गॅसची शेगडी तेवढी तापते का?” मुलीने विचारलं.

बाईंना मनापासून आनंद झाला. सगळी मुलं अणुक्रमांक आणि अणुभार खरडून मोकळी होतात, ही मात्र शेगडीपर्यंत पोचली. त्या चक्क उठल्या, तिच्या शेजारी स्टूल ओढून बसल्या आणि दोघींनी मिळून शोधलं. गॅसची ज्योत हजार डिग्रीच्याही वर जाते.

“म्हणजे आरामात,” मुलगी म्हणाली.

“आरामात,” बाई म्हणाल्या.

मुलगी उठली आणि धावतच गेली. काउंटरवर ठेवलेलं सभासद कार्डसुद्धा न्यायचं विसरली.

मूल उठलं की त्याने उघडलेली पानं बंद करायची, ही बाईंची शिस्त. त्या चार नंबरच्या संगणकाशी वाकल्या. शोधाच्या रकान्यात अजून शब्द होते: सोन्याची अंगठी पाऱ्याने पांढरी पडली काय करावे. खाली तीन पानं उघडी. तिन्हींत एकच सांगितलं होतं, तापवलं की पारा उडून जातो. तिसरं पान बाईंनी खाली सरकवलं. अगदी तळाशी लाल चौकट होती. पाऱ्याची वाफ विषारी असते, घरी हे कधीही करू नये. मुलं चौकटीपर्यंत पोचत नाहीत, हे बाईंइतकं कुणाला ठाऊक असणार? खिशातला तो हात त्यांना आठवला आणि त्यांनी काउंटरवरचं तिचं कार्ड उचललं.

कार्डावर आईचा नंबर होता. तो वाजत राहिला. पत्ता पाण्याच्या टाकीमागच्या इमारतीतला. काउंटरवरचा माणूस “अहो, खोली उघडी टाकून कुठे निघालात?” म्हणतोय तोवर बाई जिना उतरल्या होत्या. रस्त्यात टायरवाल्याने पंक्चर काढायची परात मध्येच ठेवली होती, ती त्यांनी कशीबशी चुकवली. इस्त्रीच्या दुकानापाशी एका चपलेचा अंगठा तुटला. ती चप्पल हातात घेऊन त्या तशाच पुढे गेल्या. आपल्याला भीती वाटतेय हे त्यांना स्वच्छ कळत होतं. आणि ‘आरामात’ हा शब्द काही केल्या कानातून जात नव्हता.

तिसऱ्या मजल्यावर मुलीने दार उघडलं. हातात चिमटा.

बाई तिला बाजूला सारून आत गेल्या. स्वयंपाकघराची खिडकी घट्ट लावलेली, शेगडी पेटलेली, ओट्यावर पळी आणि पळीत अंगठी. अर्धा वेढा पिवळा, अर्धा स्टीलसारखा पांढरा. पळी अजून ज्योतीवर गेली नव्हती. बाईंनी गॅस बंद केला, खिडकी उघडली, मुलीचा दंड धरून तिला बाहेर आणलं, आतलं दार ओढून घेतलं आणि जिन्याच्या पायरीवर बसल्या.

हळूहळू सगळं बाहेर आलं. वर्गात दाखवायला खरा पारा हवा म्हणून तिने कपाटातला जुना थर्मामीटर फोडला होता. आई बेकरीत कणीक मळते, म्हणून कामाला जाताना अंगठी घरी काढून ठेवते. ती बोटात घालून मुलगी पाऱ्याचा थेंब तळहातावर खेळवत बसली होती.

“पण मी तीन ठिकाणी पाहिलं, बाई. तिन्हीकडे तेच होतं.”

“तापवलं की उडून जातो. जातो कुठे?”

मुलीने विचार केला. “खोलीत.”

“आणि खोलीत कोण?”

मुलीने ओढून घेतलेल्या दाराकडे पाहिलं.

“खिडकी कशाला लावलीस?”

“समोरच्या काकूंना दिसलं असतं ना.” मग ती हळूच म्हणाली, “तुम्ही पण आरामात म्हणालात.”

“मला काय माहीत, तुला ते कशासाठी हवंय?”

“तुम्ही विचारलंच नाही,” मुलगी म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. “विचारलं असतं तर सांगितलं असतं. मला सकाळपासून कुणाला तरी सांगायचंच होतं.”

बाईंनी हातातली तुटकी चप्पल पायरीवर ठेवली. मग त्यांनी अग्निशमन दलाला फोन लावला. तिकडच्या माणसाने सांगितलं, कुणी आत जाऊ नका, पारा सांडला असेल तिथे झाडू तर मुळीच मारू नका, आमची माणसं येतात.

आई आली तेव्हा तिच्या कोपरांना पीठ होतं. ऐकता ऐकता तिने मुलीचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. अंगठीचं विचारलं ते सगळ्यात शेवटी.

“सोनाराकडे न्या,” बाई म्हणाल्या, “पण पारा लागलाय हे त्याला आधी सांगा.”

“सांगते, ताई. मी रागावेन याची एवढी कशाला भीती वाटली हिला, तेच कळत नाही.” मुलीने आईच्या कुशीत तोंड लपवलं.

दुसऱ्या दिवशी फॉस्फरसवाला मुलगा कागद घेऊन टेबलाशी आला.

“किती ठिकाणी पाहिलंस?”

“तीन.”

बाईंनी कागद बाजूला ठेवला. पुढचा प्रश्न त्या या टेबलाशी पहिल्यांदाच विचारत होत्या. “कशासाठी हवंय?”

मुलाने मागे वळून पाहिलं, आपल्यालाच विचारतायत ना याची खात्री केली. “मार्कांसाठी,” तो म्हणाला.

तो खरं बोलत होता, दिसतच होतं. तरी बाई उठल्या आणि त्याच्या खुर्चीवर बसून तिन्ही पानं अगदी खालपर्यंत वाचून आल्या.